मोटार-अपघातानंतरची कागदपत्रे : कर्ता, खर्च आणि भरपाई

मोटार-अपघातात सापडलेल्या माणसास भरपाई मिळते किंवा मिळत नाही, याचा निर्णय न्यायाधिकरणात होतो हे खरे. परंतु त्या निर्णयास लागणारी सामग्री बहुतांशी अपघातानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि तीही परक्या हस्ताक्षरात, तयार झालेली असते. रुग्णालयातील रुग्णपत्रिका, पोलिसांतील खबर आणि जागेवरील पंचनामा हे ते तीन कागद होत. पुढे वर्ष-दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील उलटतपासणीस उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात हेच कागद असतात. जखमी माणूस जे बोलला ते, आणि कागदावर जे उतरले ते, यांत अंतर पडले असेल तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

हे अंतर पुष्कळदा कोणाच्या लबाडीने पडत नाही; ते भाषेमुळे पडते. दुःख भोगणारा माणूस स्वतःच्या भोगाविषयी बोलतो, कायदा मात्र कृत्य कोणी केले असे विचारतो. मराठीच्या वाक्यरचनेत या दोन गोष्टी वेगळ्या राहू शकतात आणि नेहमीच्या बोलण्यात त्या तशा राहतातही. पालघर व बोईसर–तारापूर हा परिसर समोर ठेवून अपघातोत्तर उपचार, खर्च व विम्याचा दावा यांची व्यवस्था प्रस्तुत लेखात मांडली आहे आणि त्या व्यवस्थेत शब्द कोठे निर्णायक ठरतात हे दाखविले आहे.

१. परिसर

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग (आजचा क्रमांक ४८, पूर्वीचा ८) या जिल्ह्यातून दक्षिणोत्तर जातो. पालघरहून मनोरला आणि बोईसरहून चिल्हार फाट्याला जाणारे रस्ते किनारपट्टीस या महामार्गाशी जोडतात. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरच्या शेजारी वाढली. रसायने, औषधे, पोलाद व कापड यांचे कारखाने तेथे आहेत. साहजिकच एकाच रस्त्यावर मालट्रक, रसायनांचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, स्थानकावरून भरून जाणाऱ्या रिक्षा, दुचाकी आणि पायी चालणारे पाड्यांवरील लोक यांची गर्दी असते.

भाषेच्या दृष्टीनेही हा प्रदेश मिश्र आहे. वारली, वाडवळी, मांगेली या येथल्या बोली होत. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाणे जिल्ह्यातील अशा बोलींची नोंद आहे. डहाणू–तलासरीच्या बाजूस गुजराती ऐकू येते, आणि कारखान्यांत उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची हिंदी व तिच्या बोली बोलल्या जातात. रुग्णपत्रिका इंग्रजीत, खबर व पंचनामा शासकीय मराठीत, विम्याची पॉलिसी इंग्रजीत, आणि सांगणारा या दोहोंपैकी एकही भाषा घरात न बोलणारा, अशी स्थिती येथे अपवादात्मक नाही.

उपचारांच्या भूगोलाचा प्रश्न याहून कठीण आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागील आसनावर बसलेल्यांनी आसनपट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. त्या गाडीतील जखमींना प्रथम वापीस व नंतर मुंबईस नेण्यात आले. साधनसंपन्न माणसांनाही जो प्रवास चुकला नाही, तो सामान्य जखमीस कसा चुकावा? कासा किंवा मनोर येथे प्रथमोपचार, तेथून वापी, सिल्वासा, ठाणे वा मुंबई असा त्याचा मार्ग असतो. म्हणजे एकाच अपघाताचे कागद दोन-तीन रुग्णालयांत, कधी दोन राज्यांत विखुरतात. प्रत्येक ठिकाणी अपघाताची हकीकत नव्याने विचारली जाते आणि नव्याने लिहिली जाते.

२. पहिला तास आणि पहिला खर्च

जखमीस दाखल करून घेण्यापूर्वी पोलिसांचा कागद मागणे किंवा अनामत रकमेसाठी अडवून ठेवणे कायद्यास मान्य नाही. जीव वाचविण्याचे डॉक्टरचे कर्तव्य कोणत्याही औपचारिकतेच्या आधी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १३४ मध्ये चालक व डॉक्टर या दोघांवरही तशी जबाबदारी टाकलेली आहे. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या तिऱ्हाइतास २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ अन्वये संरक्षण दिले. त्यास स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

खर्चाच्या बाबतीत अलीकडचा महत्त्वाचा बदल म्हणजे केंद्र शासनाने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेली रोकडरहित उपचार योजना. तिच्यानुसार मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळू शकतात. रुग्णालय नियुक्त यादीतील नसेल तर तेथे केवळ प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत बसतात. तेव्हा रुग्णवाहिका बोलावताना किंवा रुग्णास हलविताना ‘रुग्णालय या योजनेत आहे काय’ हा प्रश्न आरंभीच विचारणे अगत्याचे ठरते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे.

या मर्यादेपलीकडचा खर्च कुटुंबास प्रथम स्वतः करावा लागतो आणि मागाहून दाव्यात मागावा लागतो. येथे पावतीचे महत्त्व येते. औषधांची देयके, तपासण्या, रुग्णवाहिकेचे व भाड्याच्या गाडीचे पैसे, सकस आहार, सोबतीस राहिलेल्या नातेवाइकाचा बुडालेला रोजगार, पुढील शस्त्रक्रियेचा अंदाज, या साऱ्या बाबी मागता येतात. जखमीच्या भरपाईची शीर्षके सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निवाड्यात नीट वर्ग करून दिली आहेत. त्यांत उपचार व तदनुषंगिक खर्च, बरे होईपर्यंत बुडालेली कमाई, कायम अपंगत्वामुळे घटणारी भावी कमाई, भावी उपचार, आणि पैशांत न मोजता येणारी वेदना व जीवनातील सुखांची हानी यांचा समावेश होतो. मूळ देयके वैद्यकीय विम्यासाठी द्यावी लागत असतील, तर साक्षांकित प्रती व कंपनीने दिलेल्या रकमेचा तपशील ठेवला पाहिजे. वैद्यकीय विम्यातून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरविले. आयुर्विम्याच्या रकमेविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच तसे सांगितले होते. स्वतः हप्ते भरून घेतलेल्या संरक्षणाचा लाभ दुसऱ्याच्या चुकीची किंमत कमी करण्यास वापरू नये, हे त्यामागील तत्त्व.

३. ‘पडलो’ आणि ‘पाडले’

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसास मागून टेम्पोची धडक बसली, तो पडला, पायाचे हाड मोडले. रुग्णालयात ‘काय झाले?’ असे विचारताच तो सांगतो, ‘गाडीवरून पडलो.’ परिचारिका किंवा निवासी डॉक्टर इंग्रजीत लिहितात की रुग्ण दुचाकीवरून पडला. सांगणाऱ्याचे वाक्य खोटे नाही, लिहिणाऱ्याचेही नाही. परंतु या नोंदीत टेम्पो नाही. दाव्यात विमा कंपनी म्हणते की रुग्ण स्वतःहून पडला, दुसऱ्या वाहनाचा संबंध मागाहून जोडला आहे. मोटार-अपघाताच्या प्रकरणांत विमा कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या नेहमीच्या आक्षेपांपैकी हा एक आहे.

हा पेच मराठी वाक्यरचनेच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचार विस्ताराने आला आहे, परंतु व्यवहारातील त्याचे परिणाम अभ्यासकांच्या नजरेस क्वचितच येतात. पुढील वाक्ये क्रमाने पाहावीत :

(अ) अपघात झाला.
(आ) मी पडलो.
(इ) मला लागले.
(ई) मला गाडीची धडक बसली.
(उ) मला टेम्पोने धडक दिली.
(ऊ) चालकाने टेम्पो भरधाव चालवून मला मागून धडक दिली.

पहिल्या वाक्यात घटना आहे, माणूस नाही. दुसऱ्यात ‘मी’ हा व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे, परंतु अर्थदृष्ट्या तो भोगणारा आहे. पडण्याचे कृत्य त्याने केलेले नाही. तिसऱ्यात भोगणारा चतुर्थीत गेला आणि कर्त्याची जागा जवळजवळ रिकामी राहिली. चौथ्यात गाडी आली, परंतु ती षष्ठीत, ‘धडके’चे विशेषण होऊन आली. पाचव्यात वाहन तृतीयेत येऊन कृत्याचे साधन किंवा कर्ता झाले. सहाव्यात माणूस, वाहन, रीत आणि दिशा ही चारही आली. जखमी माणूस स्वभावतः (अ) ते (ई) यांत बोलतो. कायद्यास उपयोगी पडणारे वाक्य मात्र (उ) किंवा (ऊ) आहे. ‘रिक्षा उलटली’, ‘टेम्पो घसरला’, ‘ब्रेक लागला नाही’ या वाक्यांचीही गत तीच. वाहन स्वतःच उलटते आणि चालक वाक्याबाहेर उभा राहतो.

इंग्रजी नोंदीत ही पोकळी अधिक घट्ट होते. ‘मी पडलो’ यातील भोग ऐकणाऱ्या मराठी माणसास कळतो. परंतु इंग्रजीत उतरल्यावर ‘पडला’ हे त्याचेच कृत्य दिसू लागते. वारली किंवा भोजपुरी बोलणाऱ्याचे निवेदन सोबत्याने मराठीत सांगायचे आणि डॉक्टरने ते इंग्रजीत लिहायचे, असे दोन टप्पे झाले की वाहन कोणत्या टप्प्यावर गळाले हे मागाहून शोधता येत नाही. जखमी बेशुद्ध असेल तर हकीकत आणणारा सांगतो. तो पुष्कळदा घटनेनंतर तेथे आलेला असतो व त्याने धडक पाहिलेलीच नसते.

पोलिसांच्या मराठीत उलट टोक दिसते. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ हे ठरीव शब्द खबरीत येतात. त्यांत कर्ता आहे, दोष आहे; पण ते प्रत्येक प्रकरणात सारखेच येत असल्यामुळे विशिष्ट घटनेविषयी फार थोडे सांगतात. वाहन कोणत्या दिशेने आले, ते रस्त्याच्या कोणत्या बाजूस होते, धडक पुढून की बाजूने, वाहनाचा क्रमांक कोणी पाहिला, हे तपशील त्या शब्दांच्या आड राहिले तर पुढे पंचनाम्यावर सारा भार येतो. रस्त्यावरील चाकांच्या खुणा, काचांचा सडा, वाहनांची स्थिती हे पंचनाम्यात नोंदलेले असले की रुग्णपत्रिकेतील ‘पडला’ हा शब्द एकटा निर्णायक ठरत नाही. अपघात-न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, संभाव्यतेचा तोल पुरे होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले आहे. तथापि तोल साधण्यासाठीही पारड्यात काही असावे लागते.

यावर उपाय कठीण नाही. रुग्णालयात हकीकत सांगताना तीन गोष्टी सांगाव्यात : कोणत्या वाहनाने, कोणत्या बाजूने, कोठे. ठाऊक नसेल तर ‘वाहन ओळखता आले नाही’ असे सांगावे. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगू नये, कारण असा एक शब्द खोटा ठरला की खऱ्या शब्दांवरचाही विश्वास जातो. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलविला की तेथील पहिली नोंद वाचून घ्यावी. खबर देणाऱ्यास ती वाचून दाखविणे व तिची प्रत विनामूल्य देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे. ‘वाचून पाहिला, सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या अखेरच्या ओळीवर सही करण्यापूर्वी ती ओळ खरी करून घेणे हा सहीदाराचा अधिकार आहे.

४. तिसरा कोण?

विम्याच्या परिभाषेत ‘तृतीय पक्ष’ या शब्दाने पुष्कळांचा गोंधळ होतो. विमा उतरविणारा मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि त्या वाहनामुळे ज्याचे नुकसान झाले तो तिसरा. कलम १४६ नुसार सक्तीचा विमा आहे तो या तिसऱ्यासाठी. म्हणूनच आपल्याच चुकीने गाडी झाडावर आदळणाऱ्या मालक-चालकास या विम्यातून काही मिळत नाही. वर सांगितलेल्या अर्थाने तोच कृत्याचा कर्ता असतो, आणि कर्ता तिसरा होऊ शकत नाही. त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विम्याचे वेगळे संरक्षण आहे. मालक-चालकासाठी त्याची मर्यादा विमा नियामकाने २०१८ मध्ये पंधरा लाख रुपये ठरविली.

स्वतःच्या गाडीचे नुकसान हा तिसरा, स्वतंत्र विषय. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. कंपनीस तत्काळ कळवावे, छायाचित्रे घ्यावीत, आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. येथे ‘घसारा’ हा शब्द कळीचा आहे. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा धरला जातो, काचेवर धरला जात नाही. शून्य घसाऱ्याचे जादा संरक्षण घेतले असेल तरच ही वजावट टळते. कार्यशाळेचे देयक आणि विम्याची रक्कम यांत पडणाऱ्या फरकाचे हे एक मोठे कारण होय.

बोईसरच्या परिसरात ‘तिसरा कोण’ या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर मालवाहू टेम्पोत बसलेल्यांच्या वाट्यास येते. मालवाहू वाहनात प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ठरविले. १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले ते वाहनातील मालाच्या मालकास किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस. वाहनमालकाने कामावर ठेवलेल्या हमालाची गणना आणखी वेगळी होते. पाड्यावरून भाजी, मासळी किंवा लाकूड घेऊन निघालेला माणूस जबाबात ‘टेम्पोतून येत होतो’ एवढेच सांगतो. त्यात माल नाही, आणि म्हणून कायद्याच्या दृष्टीने तोही नाही. ‘माझी भाजी घेऊन टेम्पोतून येत होतो’ हे खरे असेल, तर ते पूर्ण सांगितले गेले पाहिजे. ‘घेऊन’ या एका धातुसाधितावर त्याच्या कुटुंबाची वसुली विमा कंपनीकडून होणार की कर्जबाजारी टेम्पोमालकाकडून, हे अवलंबून असते.

कामगारांच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. घर आणि कामाची जागा यांदरम्यान जाता-येता झालेला अपघात राज्य कामगार विम्याच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने विशिष्ट अटींवर रोजगारातील दुखापत मानला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व कायम आहे. यास्तव पाळीची वेळ, हजेरी आणि नेहमीचा रस्ता यांची नोंद कंत्राटी कामगारास विशेष उपयोगी पडते.

५. ‘मुका मार’ आणि ‘गंभीर दुखापत’

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले व १ एप्रिल २०२२ पासून अमलात असलेले कलम १६४ असे सांगते की, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. वाहन पळून गेले व सापडलेच नाही, तर कलम १६१ च्या योजनेत मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. दोन्ही ठिकाणी ‘गंभीर’ हे विशेषण वैद्यकीय नसून कायद्याचे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये त्याची यादी आहे : डोळा किंवा कान निकामी होणे, अवयव वा सांधा गमावणे किंवा कायमचा दुबळा होणे, चेहरा विद्रूप होणे, हाड वा दात मोडणे किंवा निखळणे, आणि जिवास धोका आणणारी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे व्यवहार करू न देणारी दुखापत. जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती.

लोकभाषेतील शब्द या यादीशी जुळत नाहीत. ‘मुका मार’ म्हणजे वर जखम नाही, पण आत दुखते. हा शब्द ऐकून पुष्कळदा ‘किरकोळ’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात आत बरगडी मोडलेली असू शकते. ‘हाड सरकले’ असे सांगणाऱ्याचा सांधा निखळलेला असेल, तर ती गंभीर दुखापत आहे. ‘लचकले’ एवढेच असेल तर बहुधा नाही. क्षकिरण तपासणीचा अहवाल व पंधरा दिवसांनंतरची तपासणी हे दोन कागद लोकभाषा आणि कायद्याची भाषा यांतील दुवा होत. पहिल्या दिवसाचे ‘किरकोळ’ पुढील तपासणीने दुरुस्त करून घेता येते, परंतु ती तपासणी झालेली व नोंदलेली असावी लागते.

अपंगत्वाच्या टक्केवारीचेही असेच. दिव्यांगत्व प्रमाणपत्रातील टक्के शरीराचे असतात. भरपाई मोजली जाते ती कमाईच्या क्षमतेवर. वर उल्लेखिलेल्या २०१० च्या निवाड्यात न्यायालयाने दिलेले उदाहरण बोधप्रद आहे : डावा हात गमावलेला चालक किंवा सुतार जवळजवळ शंभर टक्के कमाई गमावतो, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून दाव्यात ‘नोकरी’ या मोघम शब्दाऐवजी कामाचे प्रत्यक्ष वर्णन यावे लागते : यंत्रावर उभे राहणे, पिंपे उचलणे, वाहन चालविणे. कामाचे वर्णन नसेल तर प्रमाणपत्रातील टक्केच कमाईचे टक्के समजले जाण्याचा धोका राहतो.

६. उत्पन्नाचा पुरावा

मृत्यूच्या भरपाईचे गणित सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निवाड्यांनी बरेचसे निश्चित केले आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बत्तीस वर्षांचा कंत्राटी कामगार, मासिक उत्पन्न १५,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले व आई. भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २१,०००, चार अवलंबितांमुळे स्वतःच्या खर्चाचा एकचतुर्थांश वजा करून १५,७५०, वर्षाचे १,८९,०००, एकतीस ते पस्तीस वयाचा गुणक १६, म्हणून ३०,२४,००० रुपये. यात अंत्यविधी, संपत्तीची हानी व सहवासाची हानी यांच्या ठरीव रकमा मिळवावयाच्या. आता पगाराचा पुरावा नसल्यामुळे न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० धरले असे समजू. त्याच गणिताने रक्कम २०,१६,००० होते. फरक १०,०८,००० रुपयांचा.

मुकादमाकडून रोख घेणारा कामगार ‘पगार’ म्हणत नाही, तो ‘हजेरी’ म्हणतो. आणि हजेरीची वही मुकादमाजवळ असते. बँकेचे खाते, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, कारखान्याच्या फाटकावरील प्रवेशपत्र, सोबतच्या कामगारांची साक्ष यांनी ही उणीव भरून काढता येते. वयाचेही तसेच : वय छत्तीस झाले की गुणक १५ होतो. जन्मतारखेसाठी आधार ओळखपत्रापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. गृहिणीच्या बाबतीत ‘काही करत नव्हती, घरीच असायची’ हे नातेवाइकांचे वाक्य तिच्या श्रमास शून्य ठरविते. जानेवारी २०२१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचे काल्पनिक उत्पन्न धरणे हे त्या श्रमाची दखल घेणे होय असे सांगून ही समजूत दूर केली.

७. भरपाई आणि भरून पावणे

जुन्या मराठी व्यवहारात ‘भरून पावणे’ म्हणजे देणे पूर्ण मिळाल्याची कबुली देणे. ‘भरून पावलो’ असे लिहून दिले की मागणी संपली. ‘भरपाई’ या शब्दास हा इतिहास चिकटलेला आहे. अपघातानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाहनमालकाचे लोक घरी येतात, औषधपाण्यास काही हजार देतात आणि ‘आपसात मिटले, तक्रार नाही’ अशा कागदावर सही किंवा अंगठा घेतात. देणाऱ्याच्या दृष्टीने ती भरून पावल्याची पावती, घेणाऱ्याच्या दृष्टीने ती मदत. पाय कायमचा अधू झाल्याचे तीन महिन्यांनी कळते, तेव्हा हा कागद पुढे येतो. तडजोड निषिद्ध नाही; परंतु तिची योग्य जागा न्यायाधिकरण किंवा लोकअदालत ही आहे. कलम १४९ नुसार विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने द्यावयाचा प्रस्तावही न्यायाधिकरणापुढेच यावयाचा असतो.

मुदतीचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९३९ च्या अधिनियमात १९५६ च्या दुरुस्तीने दावा-न्यायाधिकरणे आली, तेव्हा अर्जाची मुदत साठ दिवसांची होती. १९६९ मध्ये ती सहा महिन्यांची झाली, १९९४ मध्ये मुदतीचे बंधनच काढून टाकण्यात आले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून सहा महिने पुन्हा आले. या तरतुदीस आव्हान देणाऱ्या याचिकांत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला आहे. अंतरिम आदेशावर विसंबून राहणे मात्र शहाणपणाचे नव्हे. सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हाच निर्धोक मार्ग. अपघात घडला ती जागा, अर्जदाराचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण, अथवा प्रतिवादीचे वास्तव्य, यांपैकी कोठल्याही हद्दीतील न्यायाधिकरणात तो करता येतो.

पोलिसांवरही आता कालबद्ध कर्तव्य आहे. २०२२ पासून अमलात असलेल्या नियमांनुसार प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जावयाचा असतो. हा अहवाल अर्ज म्हणून धरता येतो. म्हणजे जखमीने स्वतः एक अक्षर लिहिले नाही, तरी त्याचा दावा दुसऱ्याच्या शब्दांत उभा राहू शकतो. ते शब्द कोणते, हे पाहणे त्याला म्हणूनच अधिक आवश्यक झाले आहे.

८. निष्कर्ष

कायद्याने गेल्या चार दशकांत जखमीच्या बाजूने बरेच दिले : रोकडरहित उपचार, दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम, निश्चित गणित. या प्रत्येक लाभाचे दार मात्र एखाद्या नोंदीने उघडते किंवा बंद होते. आणि ती नोंद होते तेव्हा सांगणारा वेदनेत असतो, लिहिणारा घाईत असतो, आणि दोघांची भाषा एक नसते. जखमीने न्यायाधिकरणाची भाषा शिकावी ही अपेक्षा अवाजवी आहे. विचारणाऱ्याने प्रश्न नीट विचारणे त्याहून सोपे. ‘काय झाले?’ या प्रश्नास ‘पडलो’ हेच उत्तर येणार, ‘कशामुळे पडलात? कोणती गाडी? कोणत्या बाजूने आली?’ असे विचारले तर भोगणाऱ्याच्या तोंडून कर्ता आपोआप बाहेर येतो. वारली, वाडवळी, मांगेली, हिंदी व गुजराती या भाषांत असे पाच-सहा प्रश्न तयार करून तालुक्याच्या रुग्णालयांत व पोलीस ठाण्यांत देणे, आणि ‘मुका मार’, ‘सरकले’, ‘हजेरी’ यांसारख्या शब्दांचे कायद्याच्या परिभाषेशी नाते दाखविणारा छोटा कोश सिद्ध करणे, हे काम भाषाविभागाच्या आवाक्यातील आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यास इतका लोकोपयोगी विषय सहसा सापडत नाही.